मर्चंट नेव्हीत जग बघायला मिळतं का? मला एक दिवस मिळाला

तुम्ही विचारलंय की मुलगा बारावीला आहे, त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय, पण नातेवाईक म्हणतात तिथे जग वगैरे काही दिसत नाही, नुसतं पाणी आणि लोखंड. ते नातेवाईक आमचे दाजी तर नाहीत ना?

मी नाशिकचा. आयटीआय फिटर. आधी अंबडला एका कारखान्यात, मग टँकरवर, म्हणजे तेलवाहू जहाजावर.

मार्च 2014 मध्ये आम्ही डिझेल घेऊन असेन्शनला गेलो. नकाशात आफ्रिका आणि ब्राझीलच्या मधे, विषुववृत्ताच्या जरा खाली शोधा. 88 चौरस किलोमीटरचं बेट, सगळं ज्वालामुखीचं. मोठं जहाज लागेल असा धक्काच नाही. आम्ही बाहेर नांगरावर आणि तेल होजमधून किनाऱ्याला. चीफ इंजिनियर साहेब खुशीत होते, आम्हा चौघांना सकाळी सहा ते दुपारी चार सुट्टी मिळाली.

उतरणं हाच पहिला पराक्रम. जॉर्जटाउनच्या दगडी पायऱ्यांना बोट लागते, पण लाटेबरोबर ती पुरुषभर वर-खाली होत असते. दोर लोंबत असतात. बोट वर आली की दोर धरायचा आणि पाय टाकायचा, विचार करत बसलात तर पायरी डोक्यावर गेलेली असते. या गडबडीत मेसमनच्या डब्यातली पोळी पाण्यात पडली आणि पाणी उकळल्यासारखं झालं. काळे मासे, शेकड्यांनी. पोळी दोन सेकंद टिकली नाही.

गावाला लागूनच लाँग बीच. वाळूत जिकडेतिकडे चर, द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर फिरावा तसे. मला आधी वाटलं काहीतरी बांधकाम चालू आहे. मग त्यातला एक चर हलला. रात्री अंडी घालायला आलेली हिरवी कासवीण, उशीर झालेला, परत पाण्याकडे निघाली होती. दहा पावलं ओढायची, थांबायची, मोठा उसासा टाकायची. डोळ्यांतून पाणी गळत होतं. (ते अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणारं पाणी, रडणं नव्हे, पण त्या वेळी मला माहीत नव्हतं.) ही ब्राझीलच्या किनाऱ्यावरून दोन हजार किलोमीटरच्या वर पोहत येते. बेटाभोवती तिच्या खाण्याचं काही नाही, म्हणून अंडी घालून संपेपर्यंत उपाशीच. आम्ही चौघं अर्धा तास लांब उभे होतो. कोणी बोललं नाही, आणि आमचा मेसमन झोपेतसुद्धा बोलतो.

मग पिकअपवाला गाठला. सेंट हेलेना बेटाचा माणूस. त्याने सांगितलं की असेन्शनचा मूळ रहिवासी असा कोणी नाहीच. सगळे नोकरीवर आलेले, नोकरी संपली की बेट सोडायचं. पूर्वी ब्रिटिश आरमाराने या बेटाची नोंद चक्क जहाज म्हणूनच केली होती, एचएमएस असेन्शन. म्हणजे मी जहाजावरून उतरून जहाजावरच चढलो होतो.

खाली सगळी राख आणि काळा खडक. वर ग्रीन माउंटन, 859 मीटर. वळणं घेत चढलो तर बांबू, केळी, आलं, धुकं, थेट आषाढातलं त्र्यंबक. हे जंगल लावलेलं आहे. बेटावर पाऊस वाढावा म्हणून 1850 पासून इंग्रजांनी रोपं आणली. रस्त्यात खेकडे, पिवळे आणि जांभळे. राहतात डोंगरावर, पण पिल्लं सोडायला समुद्रापर्यंत चालत जातात.

पण मला सगळ्यात लागले ते वाइडअवेक. काळेपांढरे सुरय पक्षी, लाव्ह्याच्या माळावर हजारोंनी, आणि कलकलाट असा की इंजिनरूमची आठवण व्हावी. ते दर वर्षी ठरल्या महिन्यात येत नाहीत. साधारण साडेनऊ महिन्यांनी येतात, अंडं उबवतात, पिल्लू उडालं की परत समुद्रावर. माझं काँट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. पुढचं मी काही म्हणत नाही.

घरी आल्यावर भाचीच्या साखरपुड्यात फोटो दाखवले. दाजींनी चार सरकवले आणि म्हणाले, "ही तर आपली अंजनेरी. एवढ्यासाठी तिकडे गेलास?" मी म्हटलं, दाजी, अंजनेरीच्या डोंगराचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला फार तर दहा लाख, आणि अंजनेरीवर कासव कुठंय? त्यावर चारचौघांत म्हणाले, "तू कासवं बघत होतास तेव्हा अण्णांना घेऊन मी दवाखान्यात बसलो होतो."

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन बसले होते, खरं आहे. मार्च म्हणजे पिंपळगावला त्यांच्या द्राक्षबागेची तोडणी, ती गड्यांवर सोडून पाच दिवस बसले. पण ज्याला कळवलंच नाही, त्याला असं सुनवायचं नसतं. आणि "नुसतं लोखंड" म्हणणाऱ्यांची द्राक्षं रॉटरडॅमला कशातून जातात? त्यांची द्राक्षं युरोप बघून आली, ते स्वतः गोव्याच्या पुढे गेले नाहीत.

तर तुमचा प्रश्न. मुलाला जाऊ द्या. मात्र माझा दिवस रोजचा समजू नका. कंटेनर जहाज बंदरात काही तासच असतं, टँकरचं टर्मिनल गावापासून लांब, कुठे व्हिसा नाही, कुठे बोटीचं भाडं परवडत नाही. मी पुष्कळ देशांचे फक्त धक्के बघितलेत, तेव्हा दाजी दहा आण्यांनी बरोबरच आहेत. कॉलेज डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं) मान्यतेचं आहे का ते आधी बघा. "जॉबची गॅरंटी, आधी दोन लाख" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

आणि घरी काही झालं तर त्याला कळवा, त्याला येता येणार नसलं तरी. मला अण्णांचं जूनमध्ये कळलं. मुंबई विमानतळावर दाजीच घ्यायला आले होते. कसारा घाट चढेपर्यंत पावसावर बोलत होते, मग गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं.