चुंबकाची नथ, टिचबटण आणि तुमची पत्रं

गौरी-गणपती जवळ आले की नाक न टोचलेल्या मुलींसाठी चुंबकाच्या नथी बाजारात येतात आणि पाठोपाठ मुलांच्या सर्जनकडे, म्हणजे माझ्याकडे, तेच ते प्रश्न. काही इथे घेतो.

प्रश्न : पर्सच्या चुंबकी बटणाने एटीएम कार्ड बिघडतं का?

चिपला काही होत नाही. मागची काळी पट्टी क्वचित बिघडते. तसं झालं तर बँकेत विचारा.

प्रश्न : चुंबकाच्या कड्याने शेजारच्या काकांचं बीपी उतरलं. मीही घालू का?

हौस म्हणून घाला, बीपी उतरणार नाही. काकांच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारा. आणि आपल्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. चुंबकी झाकणाचा मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला तर चालेल?

नाही. चुंबक अगदी जवळ आलं की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरावीक गतीने चालू लागतात. दूर नेलं की पूर्ववत होतात. झटका देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी असेल, तर चुंबक जवळ असेपर्यंत गरजेचा झटकाच अडू शकतो. किमान 15 सेंटीमीटर अंतर हवं. यंत्राचं कार्ड घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : भाचीने चुंबकाची नथ गिळली होती. केळी खाऊ घातल्यावर पडली म्हणे. पुन्हा असं झालं तर वाट बघावी का?

अजिबात नाही! नशीब थोर म्हणून पडली, केळ्यांमुळे नाही.

या नथीला दोन तुकडे असतात : बाहेरची नथ आणि नाकपुडीच्या आतून लावायची मसुराएवढी चकती. एकच चुंबक पोटात गेलं तर बऱ्याचदा निघून जातं. पण दोन चुंबकं, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, मागेपुढे गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना पकडतात. मधली भिंत चिमटते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि भोक पडतं. सुरुवातीला मूल खेळत असतं. मग थोडी उलटी, थोडं पोटदुखी, आणि घरचे म्हणतात अपचन झालंय. एक्स-रेत चिकटलेली दोन चुंबकं एकासारखी दिसू शकतात, म्हणून फोटो दोन बाजूंनी काढावा लागतो.

तेव्हा केळी नको, एरंडेल नको, उलटी काढणं नको. काही खायला-प्यायला न देता थेट मुलांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात जा, उरलेली नथ सोबत न्या. नाकात पडद्याच्या दोन्ही बाजूंनी चिकटली असेल तरी तीच घाई करा, पडद्यालाही भोक पडतं. घरचा स्टीलचा चिमटा घालू नका, तोच चुंबकाला चिकटतो. ‘मुलींसाठी सुरक्षित’ असं पाकिटावर छापायला दुकानदाराचं काय जातं? लहान मुलीला दाबाची नथ घाला, तीही फोटोपुरती.

प्रश्न : बाळाच्या झबल्याला टिचबटणं चालतात का?

चालतात. प्रत्येक धुण्यानंतर ओढून बघा, सैल झालेलं काढून टाका.

प्रश्न : जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ खाजरा चट्टा आहे. बटणाला नेलपॉलिश लावू?

निकेलची अ‍ॅलर्जी असावी. नेलपॉलिश घामाने आणि घासून निघून जातं. त्यापेक्षा टेलरकडून बटणाला आतून कापडाची पट्टी लावून घ्या. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली ट्यूब चोळू नका, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना पट्ट्याचं बक्कल आणि खोटे कानातलेही दाखवायला न्या.