थेटर खरंच हलायचं का?

प्रश्न: आमचे काका म्हणतात, अमेरिकेत 'अर्थक्वेक' पिक्चर लागला तेव्हा प्लास्टर डोक्यात पडू नये म्हणून थेटरच्या छताखाली जाळी बांधली होती. खरं आहे का हे? खुर्च्यांना मोटर लावली होती का?
– एक वाचक, कराड

उत्तर: जाळीचं काकांनी अगदी खरं सांगितलंय, पण मोटरबिटर काही नव्हती हं, सगळी करामत आवाजाची. नोव्हेंबर १९७४ मधली गोष्ट, पिक्चरमध्ये लॉस एंजेलिस शहर भूकंपात कोसळतं आणि तो लागला कुठे तर लॉस एंजेलिसमध्येच, हॉलिवूडच्या १९२७ सालच्या जुन्या चायनीज थिएटरात, म्हणजे आपलंच गाव मोठ्या रुंद पडद्यावर पडताना बघायचं, आणि त्या लोकांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये सॅन फर्नांडोचा खरा भूकंप सोसलेला. मला तर जाळीपेक्षा हेच जास्त अंगावर येतं.

आता आवाजाचं. पिक्चर काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीने याला नाव दिलं सेन्सराउंड. हॉलमध्ये कपाटाएवढे बेस स्पीकर ठेवायचे, फिल्मच्या साउंडट्रॅकमध्ये आपल्याला ऐकू न येणारे इशारे असायचे, भूकंपाचा सीन आला की ते इशारे मोठे अँप्लिफायर चालू करायचे आणि घरघर सुरू. ही घरघर साधारण ५ ते ४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, आपला कान जेमतेम २० पासून पुढचं ऐकतो, मग त्याच्या खालचं जे आहे ते छातीत आणि खुर्चीत जाणवतं, म्हणून तर माणसाला वाटतं जमीनच हलली. आवाज ११० डेसिबलच्या वर जायचा, आता एवढ्या जुन्या, नक्षीवाल्या छताला हे झेपेल का ही काळजी रास्तच होती, म्हणून जाळी. पुढे या पिक्चरला आवाजासाठी ऑस्करही मिळालं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

तुम्ही कराडचे म्हणून एक सुचवतो, घरात कुणी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अनुभवला असेल तर त्यांना विचारा, आधी काय कळलं, आवाज की हादरा, आणि आम्हाला नक्की लिहून पाठवा, छापू.

प्रश्न: मग ही सिस्टीम बंद का पडली?
– तेच वाचक

उत्तर: १९७६ चा 'मिडवे', १९७७ चा 'रोलरकोस्टर' अशा मोजक्याच पिक्चरना वापरली. एवढे अवजड स्पीकर आणायचे, त्यासाठी पुढच्या सीट काढायच्या, आणि शेजारच्या स्क्रीनवर शांत पिक्चर चालू असेल तर भिंतीतून घरघर तिकडेही जायची, मग तिथले प्रेक्षक वैतागायचे.