इंटरफेरॉन: तेच इंजेक्शन काविळीलाही आणि कॅन्सरलाही कसं?

तुम्ही विचारलंय की काकांना हिपॅटायटिस बी साठी पेग-इंटरफेरॉन (इंटरफेरॉनचंच शरीरात जास्त काळ टिकणारं रूप) सुरू केलंय आणि तेच औषध रक्ताच्या कॅन्सरलाही देतात असं वाचलं, तर डॉक्टर काही लपवतायत का? नाही. हे औषध विषाणूला थेट मारत नाही. ते आपल्याच पेशींना कामाला लावतं, म्हणून ते दोन्हीकडे चालतं.

१९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. त्या पेशींतून जे प्रथिन बाहेर आलं ते ताज्या पेशींना दिलं, तर त्यांच्यात जिवंत विषाणू धड वाढेना. तेच इंटरफेरॉन. विषाणू शिरलेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. इंजेक्शनने आपण हाच इशारा बाहेरून देतो.

इशारा मिळाला की पेशीत शेकडो जनुकं जागी होतात. त्यातला पीकेआर हा एन्झाइम बघा: विषाणूच्या आरएनएची (जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूची) दुपदरी साखळी दिसली की तो पेशीचं प्रथिनं बनवणंच बंद पाडतो. दुसरा, आरएनेज एल, आरएनए कापत सुटतो, मग त्यात पेशीचा स्वतःचा आरएनएही सापडतो. शिवाय पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर जास्त मांडू लागते, त्यामुळे टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना) बिघडलेली पेशी ओळखता येते. कॅन्सरमध्ये हेच कामी येतं, आणि त्याखेरीज पेशींच्या विभाजनाला लगाम बसतो.

कॅन्सरवर रामबाण म्हणून १९८०च्या सुमारास याचा फार गाजावाजा झाला. तेवढं काही निघालं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, पुढे मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर), सीएमएल (रक्ताचाच आणखी एक कॅन्सर) वगैरेंत वापर झाला. बहुतेक ठिकाणी नंतर सरस औषधं आली. पॉलिसायथेमिया व्हेरा या लाल रक्तपेशी फाजील वाढण्याच्या आजारात मात्र अजून त्याला मान आहे.

हिपॅटायटिस सी साठी आता हे सहसा कोणी देत नाही, काही आठवड्यांच्या गोळ्यांनी जवळजवळ सगळे बरे होतात. बी मध्ये गोष्ट वेगळी. गोळ्या विषाणू दाबून ठेवतात, पण बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. इंटरफेरॉनचा कोर्स साधारण ४८ आठवड्यांत संपतो, आठवड्याला एक इंजेक्शन. गुण मात्र थोड्याच जणांना टिकाऊ येतो. मधेच एसजीपीटी (लिव्हरला सूज असली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उसळतं, कधीकधी ती प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण असते, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. सिरॉसिस (लिव्हर कडक होत जाणं) खूप पुढे गेलेला असेल तर हे औषध देतच नाहीत.

आता त्रास. गोळ्या यायच्या आधी सी साठी मी स्वतः हे घेतलंय. इंजेक्शननंतर काही तासांनी थंडी वाजून ताप, अंग ठेचल्यासारखं. यात नवल नाही. फ्लूमध्ये अंग दुखतं त्यात शरीराच्या स्वतःच्या इंटरफेरॉनचाही हात असतोच. संध्याकाळी टोचून घेतलं तर त्यातला बराच भाग झोपेत निघून जातो. पॅरासिटामॉल चालेल का, किती चालेल, हे लिव्हरच्या डॉक्टरांनाच विचारा.

ताप कळतो तरी. मन खचतं ते कळत नाही, चिडचिड घरच्यांनाच आधी दिसते. माझ्या बाबतीत तसंच झालं. काकांना पूर्वी नैराश्य आलं असेल तर ते आत्ताच सांगा, आणि झोप उडणं, गप्प राहणं, ‘जगून काय करायचं’ असलं बोलणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि थायरॉइडच्या तपासण्या चुकवू नका. आकडे घसरले तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात. आपल्या मनाने इंजेक्शन गाळायचं नाही.