परदेशी शिपाई, गावचा गुन्हेगार आणि पेपरातली जागा

दोन महिन्यांपासून एकच मेसेज वेगवेगळ्या गावांतून माझ्याकडे येतोय. कोणत्याशा देशात परदेशी सैनिकाने मुलीवर अत्याचार केला, 'तिथे त्याला कायदाच लागू नाही', आणि शेवटी लाल अक्षरांत 'आपल्या मीडियाने दाबलेली बातमी'. देश बदलतो, फोटो तोच राहतो. आर्वीहून आला तेव्हा तो जपान होता, देवळीहून आला तेव्हा कोरिया. सोबत प्रश्नही येतात, म्हणून तालुक्याची वकील या नात्याने त्यातल्या काहींना इथे एकदाच उत्तर देते. ज्यांच्या प्रकरणात खरी नावं आणि खरे कागद आहेत त्यांनी प्रत्यक्ष भेटावं. कॉलमात केस चालत नाही.

प्रश्न : परदेशी सैनिकाला तिथल्या देशाचा कायदा लागू होत नाही, हे खरं का?

नाही. कायदा लागू असतो. खटला कोणी चालवायचा, एवढंच करारावर ठरतं.

प्रश्न : हा करार म्हणजे नक्की काय? पेपरात 'सोफा' लिहितात, समजत नाही.

बसायचा सोफा नव्हे. 'स्टेटस ऑफ फोर्सेस ॲग्रीमेंट' या नावाची आद्याक्षरं. एका देशाचं सैन्य दुसऱ्या देशात राहणार असेल तर त्याच्या सैनिकांनी केलेल्या गुन्ह्यांचं काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. नाटो देशांचा असा करार १९५१ चा, जपान-अमेरिकेचा १९६० चा, दक्षिण कोरियाचा १९६६ चा. ढोबळ नियम असा, की सैनिक ड्युटीवर असताना गुन्हा घडला तर खटल्याचा पहिला हक्क त्याच्या देशाचा, आणि ड्युटीबाहेर घडला तर यजमान देशाचा.

सगळी भांडणं 'ड्युटी' या एका शब्दावर होतात. ३ फेब्रुवारी १९९८ ला इटलीत काव्हालेझेजवळ अमेरिकन लष्करी विमान फार खालून उडालं आणि रोप-वेची तार तुटली. पाळण्यातली २० माणसं गेली. उड्डाण ड्युटीचं होतं, म्हणून खटला अमेरिकेतल्या लष्करी न्यायालयात चालला. वैमानिक मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला आणि विमानातली व्हिडिओ टेप नष्ट केल्याबद्दल त्याला सहा महिने झाले. इटलीतल्या माणसाला काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

आपल्याकडेही हे घडून गेलंय. १९४२ मध्ये अमेरिकन फौजा इथे होत्या, तेव्हा त्यांच्या सैनिकांचे खटले त्यांच्याच लष्करी न्यायालयात चालावेत म्हणून इंग्रज सरकारने खास अध्यादेश काढला होता. प्रत्येक करार वेगळा असतो. जपानचं वाचून कोरियाबद्दल मत देऊ नका.

प्रश्न : माहा पोरगा फौजीत हाये. शांतिसेनेत आफ्रिकेत गेला. गावातले लोकं मोबाईलवर दाखवतात का तिकडचे फौजी बायाईवर अत्याचार करतात म्हून. मले रात्री झोप येत नाही. त्याच्यावर खोटी केस झाली त कोर्ट कोनतं?

काकू, आधी मोबाईल बाजूला ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या तुकडीतल्या सैनिकावर फौजदारी खटला चालवण्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या देशाकडे राहतो. तुमच्या मुलावर काही आलंच तर ते १९५० च्या आर्मी ॲक्टखाली, आपल्याच लष्करी न्यायालयात. तिथे बचाव करता येतो, आणि निकाल पटला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आज तक्रार नाही, नोटीस नाही. तेव्हा मुलाला फोनवर हे विचारून त्याचंही डोकं फिरवू नका. कधी कागद आला तर कोणाला न दाखवता आधी त्याच्या युनिटला कळवा आणि लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. आमच्यासारख्या तालुक्याच्या वकिलाचं ते काम नाही, हे मीच सांगते.

प्रश्न : मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. आमच्याकडच्या बलात्काराची बातमी डेस्कने चार ओळींत बसवली. त्याच आठवड्यात जपानमधल्या अमेरिकन सैनिकाची बातमी चार कॉलम. गावातल्या पोरीची किंमत कमी आहे का?

तुमचा राग मला पटतो, पण त्याचं कारण तुम्ही चुकीच्या जागी शोधताय.

गावचा आरोपी पकडला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एफआयआर, पोलीस कोठडी, आरोपपत्र, सत्र न्यायालय. डेस्कला विचारायला प्रश्न उरत नाही, म्हणून चार ओळी. आरोपी परदेशी सैनिक असला की दोन सरकारं मध्ये येतात. त्याचा ताबा कोणाकडे? खटला कुठे? शिक्षा झाली तर तुरुंग कोणता? ही बातमी मोठी होण्यात गैर नाही. मात्र मोठी झाली म्हणून ती खरी बाजू दाखवते, असंही नाही.

जपानमधली जुनी गोष्ट सांगते, कारण ती लष्करी दारूगोळ्याच्या डेपोशेजारी राहणाऱ्या पुलगावच्या माणसाला लगेच कळेल. १९५७ चा जानेवारी, गुन्मा जिल्ह्यातलं सोमागाहारा नावाचं गोळीबाराचं मैदान. आसपासच्या गावांतली गरीब माणसं तिथे पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून भंगारात विकायची. सहा लेकरांची आई, ४६ वर्षांची एक बाई पुंगळ्या वेचत असताना पहाऱ्यावरच्या जिरार्ड नावाच्या अमेरिकन शिपायाने ग्रेनेड लाँचरमधून रिकामी पुंगळीच तिच्यावर झाडली. पाठीत लागून ती मेली. आधी त्यानेच पुंगळ्या फेकून तिला जवळ बोलावलं, असं साक्षीदार म्हणाले. आपल्याकडे २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच्या सोनेगावच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि ठेकेदाराकडचे मजूरही गेले. तो अपघात होता, हा गुन्हा. दोन्ही एकात एक मिसळू नका. पण दारूगोळ्याच्या मैदानालगत पोट भरणारा माणूस कसा असतो, हे तुम्हाला-मला समजावून सांगावं लागत नाही.

आता पेपरांचं बघा. जपानमध्ये बातमी होती, 'भंगार वेचणाऱ्या आईला मारलं'. अमेरिकेत बातमी झाली, 'आपल्या पोराला जपान्यांच्या हवाली करणार'. इलिनॉयमधल्या त्याच्या गावात लोक चिडले, अमेरिकेच्या संसदेत भाषणं झाली, आणि प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै १९५७ मध्ये कोर्टाने सांगितलं, जपानकडे सोपवायला हरकत नाही. जपानी न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली, तीही स्थगित. एक बाई, एक पुंगळी, आणि दोन देशांत दोन वेगळ्या बातम्या. अमेरिकन पेपरांतल्या त्या गदारोळात बाईला किती ओळी मिळाल्या असतील, याचा विचार करा.

उलटंही घडतं. १३ जून २००२ ला दक्षिण कोरियात अमेरिकन चिलखती गाडीखाली १४ वर्षांच्या दोन मुली चिरडल्या गेल्या. त्या दिवशी तिथे निवडणूक होती आणि वर्ल्ड कप फुटबॉलही चालू होता, त्यामुळे बातमी कोपऱ्यात गेली. नोव्हेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने दोन्ही सैनिकांना निर्दोष सोडलं, तेव्हा हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि मग पहिलं पान मिळालं.

दुसरा आरसा आपल्याकडे धरा. काँगोत शांतिसेनेतला आपला जवान हाच परदेशी सैनिक असतो. २००८ मध्ये तिथल्या भारतीय तुकडीतल्या काही जणांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत प्रथमदर्शनी पुरावा असल्याचं म्हटलं गेलं. तुमच्या डेस्कने ती बातमी किती कॉलम लावली होती, जुन्या फाइलीत काढून बघा.

आणि आता तुम्हालाच विचारते. तुमच्या चार ओळी छापून आल्यानंतर तुम्ही त्या प्रकरणाच्या किती तारखांना कोर्टात आलात? मी जवळपास रोज तिथे असते. अटकेच्या दिवशी पोलीस ठाण्याबाहेर मोबाईल घेऊन सात जण उभे असतात. साक्षीच्या दिवशी मागचा बाक रिकामा असतो. जपानच्या ओकिनावा बेटांवर अमेरिकेचे लष्करी तळ आहेत, आणि तिथली 'ओकिनावा टाइम्स' आणि 'र्युक्यू शिम्पो' ही दोन स्थानिक दैनिकं वर्षानुवर्षं तळांच्या बातम्यांच्या मागे आहेत. म्हणून १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी १२ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्यावर प्रकरण अटकेपाशी थांबलं नाही. ऑक्टोबरमधल्या सभेला आयोजकांच्या मते ८५ हजार लोक आले. करारानुसार आरोपपत्रापर्यंत आरोपी अमेरिकेच्या ताब्यात राहायचे. त्यानंतर खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत ते आधीच सोपवण्याचा अमेरिका 'सहानुभूतीने विचार' करेल, असं ठरलं. मार्च १९९६ मध्ये ओकिनावातल्या नाहा शहराच्या न्यायालयाने दोघांना सात वर्षं आणि एकाला साडेसहा वर्षं दिली. एवढं होऊनही डिसेंबर २०२३ मधल्या एका प्रकरणात मार्चमध्ये आरोपपत्र दाखल झालं आणि प्रांत सरकारलाच कोणी कळवलं नाही. जून २०२४ मध्ये पत्रकारांमुळे ते उघड झालं. कॉलम मोजत बसू नका, वहीत पुढची तारीख लिहा. पीडितेची ओळख कुठे फुटत नाही ना, हे मात्र बातमी पाठवण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतो. आकडे पाहिले तर दरहजारी गुन्ह्यांत अमेरिकन सैनिक ओकिनावाच्या लोकांपेक्षा कमी आहेत. मग मीडिया पक्षपाती ठरत नाही का?

आकडा कुठून आला ते आधी बघा. स्थानिक पोलीस ज्यांना पकडतात तेच त्यांच्या मोजणीत येतात. कुंपणाच्या आत लष्करी पोलिसांनी हाताळलेलं सगळं त्यात येत नाही. सैनिकाचा बराचसा वेळ त्याच कुंपणाच्या आत जातो, म्हणजे छेदात पूर्ण माणूस आणि अंशात त्याच्या बाहेरच्या वेळेतलाच गुन्हा. उलट बाजूचे लोकही लबाडी करतात. सैनिक बहुतेक तरुण पुरुष. त्यांची तुलना गावच्या तरुण पुरुषांशी करायला हवी, आज्या आणि बालवाडीतली पोरं धरून नव्हे.

दर काहीही निघो, एक फरक उरतोच. गावचा माणूस गावात जन्मला. तळ सरकारने आणून बसवला. जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर, म्हणजे ओकिनावात, फक्त अमेरिकेच्या वापरातल्या तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. तिथे प्रत्येक गुन्हा सरकारच्या त्या निर्णयाचा हिशेब मागतो. उत्तरपत्रिकेत हे लिहा, आणि मार्गदर्शकाकडून तपासून घ्या.

प्रश्न : ग्रुपवर पीडित मुलीचं नाव आणि फोटो आला. पुढे पाठवला तर लोक जागे होतील, असं मित्र म्हणतात.

पाठवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सोही लागतो. पाठवून झालं असेल तर वकिलाला आजच भेटा, मित्राला नंतर.

प्रश्न : पेपरात चुकीची बातमी आली तर तक्रार कुठे?

आधी संपादकाला लेखी. दखल घेतली नाही तर प्रेस कौन्सिलकडे. दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांत. टीव्ही आणि व्हॉट्सॲप तिच्या कक्षेत नाहीत.

प्रश्न : केरळच्या दोन मच्छीमारांना मारणारे इटलीचे सैनिक सुटले. सरकारने पैसे घेऊन सोडलं म्हणतात.

म्हणणाऱ्यांनी निकाल वाचलेला नाही. १५ फेब्रुवारी २०१२ ला एनरिका लेक्सी या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' बोटीवर गोळ्या झाडल्या. ते सरकारी कामावर होते म्हणून त्यांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण आहे, पण भारताला नुकसानभरपाई मिळायला हवी, असं आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये सांगितलं. १० कोटी ठरले: दोन्ही कुटुंबांना चार-चार, बोटमालकाला दोन. पैसे जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने इथला खटला बंद केला. निकाल आवडला नाही असं म्हणा. मलाही आवडला नाही. 'पैसे घेऊन सोडलं' म्हणू नका.

प्रश्न : नागपूरचा एक एजंट आखातातल्या लष्करी तळावर मेसमध्ये नोकरी देतो. 'तळावर अमेरिकन कायदा, तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही' म्हणतो. ८५ हजार मागतो.

देऊ नका. ठेकेदाराचा स्वयंपाकी सैनिक नसतो. सैनिकाचं संरक्षण त्याला आपोआप मिळत नाही, आणि त्याच्यावर अन्याय झाला तर दाद कुठे मागायची याचा गुंता मात्र मिळतो. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात एका अमेरिकन खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी १७ जणांना मारलं. इराकी न्यायालयाला त्यांना हात लावता आला नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये दोषी ठरले आणि २०२० मध्ये माफी मिळून सुटले. एजंट ज्या कायद्याची फुशारकी मारतोय तो हा.

नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावर जीएसटी, यापलीकडे घेता येत नाही. परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

प्रश्न : भाची आखातात एका कॅम्पच्या लाँड्रीत काम करते. चार महिन्यांपूर्वी तिथल्या परदेशी सुरक्षारक्षकाने तिच्याशी गैरप्रकार केला. ती परत आली की इथे तक्रार करू, असं घरच्यांनी ठरवलंय.

भाऊ, चार महिने? परदेशी माणसाने परदेशात केलेल्या गुन्ह्यावर इथलं ठाणं त्याला पकडू शकत नाही. आपली संहिता परदेशातल्या भारतीय नागरिकाच्या गुन्ह्यापर्यंत पोहोचते, आणि त्यालाही केंद्र सरकारची मंजुरी लागते. इथे फक्त एजंटने केलेल्या फसवणुकीची तक्रार चालेल. बाकी सगळं तिथेच, आणि तेही ती तिथे आहे तोवर.

घरच्यांची बैठक थांबवा. आज रात्रीच तिला विचारा, तिला काय हवंय ते. तक्रार तिची आहे, मामाची नाही. ती हो म्हणाली तर दूतावासाला ईमेल आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद, दोन्ही एकाच दिवशी. पोलिसांकडे एकटीने जाऊ नये, दूतावासाचा माणूस किंवा दुभाषी सोबत मागावा. त्या दिवशीचे कपडे असतील तर धुतलेले असले तरी टाकू नयेत, कागदात गुंडाळून ठेवावेत, प्लास्टिकमध्ये नाही. रक्षकाच्या बिल्ल्यावर कोणत्या कंपनीचं नाव होतं, तो ड्युटीवर होता की नव्हता, हे तिला आठवेल तसं तारखेसह लिहून काढू दे. गुरुवारी दुपारनंतर मी ऑफिसात असते. एजंटची पावती आणि तिच्या करारनाम्याची झेरॉक्स घेऊन या.