वावर विकून प्राध्यापक व्हायचं का?

"मावशी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, वय ३१. प्राणिशास्त्रात पीएचडी करतोय, विषय गुलाबी बोंडअळी. नेट-जेआरएफ होतं, पाच वर्षं फेलोशिप मिळाली, ती गेल्या वर्षी संपली. थेसिस देऊन आठ महिने झाले, व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, पत्ता नाही. तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, शिकवतो. जूनपासूनचं मानधन अजून यायचं आहे. गावात लोक बाबांना विचारतात, 'पोरगं अजून शिकूनच राहिलं का?' एका अनुदानित संस्थेत जागा निघणार आहे, पण ते मोठी रक्कम मागतात. बाबा म्हणतात, सातातले तीन एकर विकू. त्याच तीन एकरांत मी कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) लावले होते. बाबा रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचे. गाईड म्हणतात, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, कर. घरच्यांना वाटतं, हा पुन्हा शिकायलाच चालला. काय करू?"

बाळा, वावर विकू नको. बाकीचं सगळं बोलण्यासारखं आहे, हे नाही.

माझ्या धाकट्या दिरासाठी सासऱ्यांनी नाल्याकाठची ओलिताची जमीन विकली होती. नेमणुकीचं पत्र मिळालं, घरी पेढे वाटले. पुढे कळलं की पदाला मान्यताच नाही. नऊ वर्षं तो रोज सही करून वर्गावर गेला, पगारपत्रकावर नाव काही आलं नाही. सासरे त्या धुऱ्यावरून जाताना शेवटपर्यंत मान दुसरीकडे वळवत. या पैशाची पावती कुणी देत नाही, आणि उद्या पद बुडालं तर दाद मागायला तुझ्या हातात कागदाचा कपटा नसतो. संस्थेकडे फक्त तीन गोष्टी विचार: शासनाची ना-हरकत आली का, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याची यादी) तपासून झाली का, जाहिरात कुठल्या पेपरात येणार. ज्यांची जागा खरी असते ते कागद दाखवतात. आणि सगळे कागद चोख असले तरी पैसे देऊन जाऊ नकोस. आयुष्यभर त्याच लोकांसमोर मान खाली घालून शिकवावं लागतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आता तुझ्या पत्रातलं दुसरं दुखणं, जे तू लिहिलं नाहीस पण ओळीओळीत आहे. आपणच कमी पडलो, असं तुला वाटतंय. तसं नाही रे. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१ चा सरकारी आकडा आहे. २०२३ मध्ये संशोधनासाठी नवं राष्ट्रीय प्रतिष्ठान उभं करायचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटी सांगितले गेले. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, उद्योगांकडून यायचे आहेत. त्याच प्रतिष्ठानचं नवख्या संशोधकांसाठी ६० लाखांपर्यंतचं अनुदान आहे, पण ते कायम नोकरीवर असलेल्यालाच मागता येतं. म्हणजे अनुदानासाठी आधी नोकरी हवी, आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, 'काही प्रकल्प आणलाय का?' या चक्रात हुशार पोरं अडकतात. खेड्यातलं पोर जास्त अडकतं, कारण रिकामे महिने पोटात घालायला त्याच्यामागे घरचा पगार नसतो. एसआरएफचे, म्हणजे फेलोशिपच्या पुढच्या टप्प्याचे, महिना ४२,००० येत होते तेव्हा तू घरात खताबियाण्याला पैसे देत असशील. ते थांबले, आणि घराने तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. खरं ना?

पोस्टडॉकला घरी शिक्षण म्हणूच नको. ते काम आहे, त्याचे महिन्याला पैसे मिळतात. केंद्राच्या प्रकल्पांत पीएचडी झालेल्या रिसर्च असोसिएटचं मानधन २०२३ पासून ५८,००० पासून सुरू होतं, वर घरभाडं. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. तिला वयाची अट ३५, आरक्षित प्रवर्गांना आणि महिलांना पाच वर्षांची सवलत. थेसिस दिलेला पण पदवी हातात नसलेला उमेदवारही अर्ज करू शकतो, फक्त पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी मिळते. त्यामुळे व्हायवाची वाट पाहत बसू नकोस. इन्स्पायर फॅकल्टी ही दुसरी. महिना सव्वा लाख आणि वर्षाला सात लाख संशोधनासाठी, पाच वर्षं. तिथे खुल्या गटाची वयोमर्यादा ३२ आहे, म्हणून तुला घाई करावी लागेल. स्पर्धा तुंबळ असते, हेही सांगून ठेवते.

अर्ज करताना विषय लपवू नको, बदलू नको. गुलाबी बोंडअळीने २००९ च्या सुमाराला गुजरातेत बीटी कपाशीतल्या अळी मारणाऱ्या पहिल्या जनुकाला दाद देणं सोडलं, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत दुसऱ्यालाही. २०१७ ला आपल्या भागात काय झालं ते तुझ्या घराने सोसलं आहे. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं कपाशीचं फूल) फोडून आतली अळी पाहिलेला आणि प्रयोगशाळेत तिची प्रतिकारशक्ती मोजलेला, असा माणूस किती सापडेल? नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथल्या ज्यांचे शोधनिबंध तू वाचलेस त्यांना चार ओळींची मेल लिही, सापळ्यांचा आलेख जोड, आणि भेटायला जा. जालन्याच्या बियाणे कंपन्यांनाही अळीवरच्या चाचण्या करणारी माणसं लागतात. तिकडे जाणं म्हणजे विज्ञान सोडणं, असं मनात आणू नकोस. सरकारी महाविद्यालयांतल्या जागा एमपीएससीमार्फत भरतात, नेट असल्यामुळे तू पात्र आहेस. ती जाहिरात चुकवू नको.

व्हायवाचं असं कर. मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, असं यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०२२ चा नियमच सांगतो. तुझे आठ झाले. कुठल्या परीक्षकाचा अहवाल यायचा राहिलाय ते गाईडना विचार, आणि त्या नियमाचा उल्लेख करून परीक्षा विभागाला लेखी अर्ज दे, पोच घे. चिडून नको, साध्या भाषेत. सीएचबीच्या थकलेल्या पैशांसाठीही प्राचार्यांना लेखीच दे.

मुदत मात्र ठरवून घे. मी तुझ्या जागी असते तर वयाची ३४ वर्षं पूर्ण होईपर्यंतची घेतली असती. तोवर पोस्टडॉक, प्रकल्प, एमपीएससी, कंपनी, सगळीकडे अर्ज. त्यानंतर जे हातात असेल त्यात घर बसवायचं. ही तारीख बाबांना सांग. त्यांना तुझ्या शिकण्याचा त्रास नाही, शेवट दिसत नाही याचा आहे. सुगी संपली की एका संध्याकाळी त्यांच्यासोबत बस आणि कागदावर मांड: तीन एकरांचं वर्षाचं उत्पन्न किती, संस्था मागते किती, आणि पगार सुरू झालाच नाही तर किती वर्षांनी ते भरून निघेल. कपाशीचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा हिशेब एका बैठकीत कळतो.

आणि त्यांची ती वही. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली, हे पुस्तकात तू वाचलंस, पण रोज पहाटे जाऊन मोजलं त्यांनी. तुझ्या आभाराच्या पानावर त्यांचं नाव आहे का? नसेल तर व्हायवानंतर अंतिम प्रती बांधायच्या आधी घाल. व्हायवा सहसा खुला असतो. तारीख आली की बाबांना घेऊन जा, मागच्या बाकावर बसव. सापळ्यांची स्लाइड दाखवशील तेव्हा आकडे कुणी मोजले ते परीक्षकांना मोठ्यानं सांग.

तारीख कळली की मला कळव.

— मावशी