टिळकांनी ‘ओरायन’ या १८९३ च्या ग्रंथात वेदांचा काळ ताऱ्यांवरून कसा काढला? आणि ते गणित आज टिकतं का?

पद्धत अशी: वेदकाळी वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो तो बिंदू) कोणत्या नक्षत्रात होता हे वेदांतून शोधायचं, आणि तो तिथे कधी होता हे मोजायचं. गणित सोपं आहे, स्वतः करून बघा. वसंतसंपात ताऱ्यांच्या तुलनेत मागे सरकत जातो, सुमारे ७२ वर्षांत १ अंश. आज मृगशीर्ष (मृगाच्या डोक्यातला तारा) संपातापासून साधारण ८४ अंशांवर आहे. ८४ × ७२ = ६०४८ वर्षं, म्हणजे इ.स.पू. ४००० च्या आसपास संपात तिथे होता. कृत्तिका ६० अंशांवर, म्हणून इ.स.पू. २३००.

आकडेमोडीत खोट नाही, अडचण आधीच्या पायरीवर आहे. तैत्तिरीय संहितेत (यजुर्वेदाची एक संहिता) नक्षत्रांची यादी कृत्तिकांपासून सुरू होते. पण त्यावरून संपात तिथेच होता हे सिद्ध होत नाही. मृगाच्या बाबतीत तर मुख्य आधार प्रजापती-रुद्राच्या कथेचा (हरणाचं रूप घेतलेल्या प्रजापतीला रुद्र बाण मारतो), आणि कथेचा अर्थ एकच लागत नाही. एक नक्षत्र चुकलं की (१३ अंश २० कला) उत्तर साडेनऊशे वर्षांनी हलतं. म्हणून ही तारीख पुरावा म्हणून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी पद्धत मोलाचीच. जर्मन संस्कृत पंडित याकोबीही १८९३ मध्येच स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आला होता.

टिळकांच्या या अभ्यासाचा राजकारणाशीही थेट संबंध आहे: १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेनंतर टिळकांच्या सुटकेसाठी ऑक्सफर्डचे संस्कृत पंडित माक्स म्युलर यांनी रदबदली केली, ती या विद्वत्तेमुळेच.