दोन बोटांचे दोन लाख: सही करण्याआधी हा हिशोब बघा

प्रश्न (अंबड, नाशिक): माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करतात. वय ३१, पगार १८,००० रुपये. गेल्या महिन्यात प्रेसमध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. मालक २ लाख रोख देतो म्हणतात, पण ‘इजा घरी झाली, काही मागणं नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून हवं आहे. त्या पैशांत भर घालून रिक्षा घ्यावी का?

उत्तर: ताई, त्या कागदावर सही होऊ देऊ नका. रिक्षाचं नंतर बघू.

तुम्ही पाठवलेल्या पगारपत्रकात ईएसआयचे, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचे, १३५ रुपये कापलेले दिसतात. म्हणजे मिस्टरांचा विमा आहे. कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. ठेकेदाराचा कामगार असला तरीही. मात्र ‘इजा घरी झाली’ असं एकदा लिहून दिलं की दाव्याचा पायाच निघून जातो. ते वाक्य मालकांना कशासाठी हवंय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता आकडे. रोजचा पगार ६०० रुपये धरू. हात बरा होईपर्यंत त्याच्या ९० टक्के, म्हणजे रोज ५४० रुपये मिळतात, महिन्याचे १६,२००. घर चालेल. पुढे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के धरले आहेत. ५४० चे २० टक्के म्हणजे रोज १०८, वर्षाला ३९,४२० रुपये. ते हयातभर मिळतात. मिस्टर पुन्हा कामाला लागले, पगार सुरू झाला, तरी ते थांबत नाहीत. मंडळाने टक्के कमी धरले असं वाटलं तर अपील करता येतं.

म्हणजे मालकांचे २ लाख जेमतेम पाच वर्षांत भरून निघतात. तेव्हा मिस्टर ३६ वर्षांचे असतील आणि पुढचं सगळं आयुष्य बाकी असेल. वर्षाला एवढंच व्याज ७ टक्क्यांच्या एफडीतून हवं असेल तर ५ लाख ६३ हजार रुपये ठेवावे लागतील. शिवाय महागाईनुसार या रकमेत वेळोवेळी वाढ केली जाते, एफडीत ते होत नाही.

सही केली नाही तर मालक पुन्हा कामावर घेणार नाहीत, ही तुमची भीती खरी आहे. ती मी हलकी मानत नाही. पण त्या कागदात नोकरीची हमी कुठेच नाही, तुम्ही पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. मालकांना खरंच मदत करायची असेल तर पैसे जरूर घ्या, तेही बँकेतून. पावतीवर ‘कामावरील अपघातानंतर मदत म्हणून मिळाले’ एवढंच लिहा, हक्क सोडल्याचा एक शब्दही नको.

रिक्षाचं म्हणाल तर तिचा अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत असतो. दोन बोटं नसलेल्या हाताने दिवसाचे आठ-दहा तास मूठ पिळणं जमेल का, हे जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारा आणि ओळखीच्या कुणाची रिक्षा आठवडाभर चालवून बघा. त्याआधी कर्ज काढू नका.

सोमवारी दोघं मिळून सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात जा. सोबत ईएसआयचं कार्ड, आधार, पासबुक आणि पहिल्या दिवशीचे दवाखान्याचे कागद घ्या. तिथून रजेचा दाखला घेऊन ही योजना चालवणाऱ्या ईएसआयसी महामंडळाच्या शाखा कार्यालयात अपघाताची लेखी माहिती द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. कारखान्याच्या अपघात नोंदवहीतली नोंद आणि त्या पाळीचं हजेरीकार्ड यांचे फोटो एखाद्या विश्वासू सहकाऱ्याकडून आजच मागवून ठेवा. भत्ता हातात पडायला वेळ लागला तर दागिन्यावर बँकेतून थोडं कर्ज काढा, खासगी सावकाराकडे जाऊ नका.